वीर्य तपासणी: आकडे येतात कसे

वीर्याचा नमुना डबीत पडला, की पहिली नोंद होते ती वेळेची. पुढचे प्रत्येक निरीक्षण या वेळेला बांधलेले असते. रक्ताची नळी सकाळी घेऊन संध्याकाळी दुसऱ्या गावच्या लॅबला पोचली तरी बऱ्याच तपासण्या नीट होतात. वीर्याचे तसे नाही. नमुना शक्यतो लॅबमधल्या खोलीतच द्यायचा असतो. घरून आणायचाच झाला तर तो अर्ध्या तासात, फार तर तासाभरात पोचावा लागतो आणि वाटेत डबीचे तापमान २० ते ३७ अंश सेल्सिअस राहावे लागते. म्हणून डबी अंगालगत, आतल्या खिशात ठेवून आणायला सांगतात. बर्फात ठेवलेला नमुना तपासणीच्या कामाचा राहत नाही.

नमुना देण्याआधी किमान २ आणि जास्तीत जास्त ७ दिवस वीर्यपात झालेला नसावा. अंतर फार कमी पडले तर संख्या घटलेली दिसते. फार लांबले तर संख्या वाढते, पण शुक्राणूंची हालचाल मंदावते. हात आणि शिश्न धुऊन कोरडे करायचे. साबणाचा अंश, तेल, थुंकी यांपैकी काहीही नमुन्यात जाता कामा नये. साधा कंडोमही चालत नाही, कारण त्यावरचे रसायन शुक्राणूंना मारक ठरते. सगळ्यांत जास्त नुकसान होते ते पहिली धार डबीबाहेर गेल्यावर. सुरुवातीच्या भागात प्रोस्टेट ग्रंथीचा स्राव आणि बहुतेक शुक्राणू असतात. नंतरचा भाग मुख्यतः शुक्राशयाचा असतो. म्हणजे चार थेंब सांडले तरी ते कोणते, यावर अहवाल फिरतो. लॅबमध्ये हे विचारतात, पण लाजेपायी बरेच जण सांगत नाहीत आणि मग कमी आलेली संख्या आजार म्हणून कागदावर चढते.

ताजे वीर्य जेलीसारखे घट्ट असते. शुक्राशयातल्या प्रथिनांमुळे ते गोठते आणि प्रोस्टेटमधली विकरे ते पुन्हा सैल करतात. ३७ अंशांवर ठेवलेला नमुना साधारण १५ ते ३० मिनिटांत पातळ होतो. तासाभरानंतरही झाला नाही तर तशी नोंद होते. तोवर काचपट्टी तयार करण्यात अर्थ नसतो, कारण गाठींत अडकलेले शुक्राणू मोजता येत नाहीत. मग रंग पाहतात: निरोगी वीर्य राखट-पांढरे दिसते, काविळीत पिवळसर, रक्त असल्यास तांबूस. आकारमान मोजण्याची उत्तम रीत म्हणजे रिकाम्या डबीचे वजन आधी करून ठेवणे आणि नमुन्यासह पुन्हा करणे. १ ग्रॅम म्हणजे १ मिलिलिटर धरतात. मापनळीत ओतल्यास थोडे वीर्य काचेला चिकटून राहते आणि माप कमी भरते.

आता मायक्रोस्कोप. १० मायक्रोलिटरचा थेंब काचपट्टीवर घेऊन त्यावर २२ मिलिमीटर बाजूची चौकोनी कव्हरस्लिप ठेवली, की सुमारे २० मायक्रोमीटर खोलीचा थर तयार होतो. एवढ्या जागेत शुक्राणूंना मोकळे पोहता येते. थर याहून फार पातळ झाला तर त्यांचे डोके फिरायला जागा उरत नाही. हालचालीचे वर्ग चार: वेगाने पुढे जाणारे, सावकाश पुढे जाणारे, जागच्या जागी वळवळणारे आणि निश्चल. वेगवान म्हणजे सेकंदाला २५ मायक्रोमीटर किंवा अधिक. काही लॅबच्या अहवालांत अजूनही ‘ॲक्टिव्ह ६०, स्लगिश २०, डेड २०’ अशी गोल आकड्यांची ओळ असते. ती अंदाजाने भरली असल्याची शंका घ्यायला हरकत नाही. शिवाय निश्चल शुक्राणू मेलेलाच असतो असे नाही. ते ठरवायला इओसिन-निग्रोसिन रंग लागतो: मेलेल्या पेशीचे आवरण फाटलेले असल्याने रंग आत शिरून ती गुलाबी होते, जिवंत पेशी पांढरीच राहते. हलत कोणीच नाही पण बहुतेक जिवंत आहेत, असे दिसले तर दोष शेपटीच्या रचनेत असू शकतो.

संख्या मोजण्यासाठी न्यूबॉवर चेंबर वापरतात. रक्तपेशी मोजायचीही हीच जाड काच. नमुना ठरावीक प्रमाणात पातळ करून, शुक्राणूंची हालचाल थांबवून तो चेंबरमध्ये सोडतात आणि पेशी खाली बसेपर्यंत काही मिनिटे थांबतात. मधल्या जाळीत २५ मोठे चौकोन. जाळी १ मिलिमीटर लांब-रुंद, खोली ०.१ मिलिमीटर. रेषेवर पडलेल्या शुक्राणूंपैकी चौकोनाच्या दोन बाजूंचे धरायचे, उरलेल्या दोन बाजूंचे सोडायचे, नाहीतर एकच शुक्राणू दोनदा मोजला जातो. समजा, नमुना २० पट पातळ केला आणि २५ चौकोनांत २०० शुक्राणू सापडले, तर मिलिलिटरमागे ४ कोटी झाले, वीर्य २.५ मिलिलिटर असेल तर एकूण १० कोटी. किमान २०० मोजा, आणि तेही दोन वेगळ्या थेंबांत प्रत्येकी, असा दंडक आहे. त्यामागे संख्याशास्त्र आहे. फक्त २५ मोजून थांबले तर निव्वळ योगायोगाने येणारी चूक २० टक्क्यांच्या घरात जाते. दोन्ही थेंब मिळून ४०० मोजले तर ती ५ टक्क्यांवर येते. घाईच्या लॅबमध्ये पहिली काट बसते ती इथेच.

आकाराची तपासणी रंगवलेल्या काचपट्टीवर, तेल घालून, १००० पट मोठे करून होते. डोके गुळगुळीत आणि अंडाकृती हवे, त्याचा ४० ते ७० टक्के भाग टोकाच्या टोपीने व्यापलेला हवा, मान आणि शेपूट सरळ हवी. निकष इतके कडक आहेत, की ४ टक्के शुक्राणू त्यांत बसले तरी पुरे. अहवालात ‘९४ टक्के सदोष’ वाचून हादरलेल्या माणसाला हे कोणीतरी त्याच दिवशी सांगायला हवे.

गोल पेशींबाबत तर आपल्याकडे बराच गोंधळ आहे. या पेशी पांढऱ्या रक्तपेशी असू शकतात किंवा पूर्ण न घडलेल्या शुक्राणूंच्या. साध्या काचपट्टीवर दोन्ही सारख्याच दिसतात. पेरॉक्सिडेज चाचणीत बहुतेक पांढऱ्या पेशी रंग घेतात, अपक्व शुक्राणू घेत नाहीत. ती चाचणी न करताच ‘पस सेल्स’ लिहिले, की अँटिबायोटिकचा कोर्स मागोमाग येतो. असा कोर्स घेण्याआधी पांढऱ्या पेशी खरोखर मिलिलिटरमागे १० लाखांवर आहेत का, हे विचारावे.

काचपट्टीवर एकही शुक्राणू दिसला नाही, तर नमुना जोरात फिरवून तळाचा गाळ तपासल्याशिवाय ‘निल’ लिहायचे नसते. गाळातही काही नसेल तर बाकीचे रकाने बोलू लागतात. वीर्य कमी, आम्लधर्मी आणि फ्रुक्टोजविना असेल तर शुक्राशयाचा स्राव पोचतच नाही, म्हणजे वाट बंद आहे किंवा शुक्रवाहिन्या जन्मतः नाहीत. आकारमान ठीक असेल तर वृषणांचे काम आणि शुक्राशयाच्या अलीकडच्या वाटेतला अडथळा दोन्ही तपासावे लागतात. नसबंदीनंतर वीर्य कमी झाल्याचे जाणवत नाही, ते याचमुळे: आकारमानात शुक्राणूंचा वाटा काही टक्केच असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीत खालच्या मर्यादा अशा आहेत: आकारमान १.४ मिलिलिटर, मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख, एकूण ३ कोटी ९० लाख, एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे जाणारे ३० टक्के. प्रयत्न सुरू केल्यापासून वर्षभरात बाप झालेल्या पुरुषांच्या नमुन्यांवरून त्या काढल्या आहेत आणि त्या बापांतलेही शंभरात पाच प्रत्येक मर्यादेच्या खाली होते. त्यामुळे मर्यादेखालचा आकडा वंध्यत्वाचा निकाल ठरत नाही आणि वरचा आकडा अपत्याची हमी देत नाही.

शुक्राणू घडायला सुमारे ७४ दिवस लागतात, त्यापुढे बाहेरच्या वाटेवर आणखी काही. दोन महिन्यांपूर्वीचा कडक ताप आजच्या अहवालात उमटतो, म्हणून एका खराब अहवालावर उपचार ठरवू नयेत. तपासणी पुन्हा करावी आणि तापाचे कारण असेल तर तीन महिने थांबून. दोन्ही वेळा लॅब तीच आणि आधीच्या वीर्यपातापासूनचे अंतर सारखे ठेवावे. मूल होत नाही म्हणून पत्नीला एचएसजी (गर्भनलिकांचा एक्स-रे) किंवा दुर्बिणीच्या तपासणीला नेण्याआधी वीर्याची तपासणी करून घ्यावी. या तपासणीला सुई लागत नाही, भूल लागत नाही, आणि खर्चही त्या मानाने थोडा.