जुन्या पिकअपचा आवाज आणि ड्रायव्हरचे कान

आपल्या वस्तीतून पहाटे निघणाऱ्या गाड्या आपण आवाजावरून ओळखतो. कोणी भिगवणहून मासळी भरतो, कोणी इंदापूरची डाळिंबे पुण्याच्या मार्केट यार्डात पोचवतो, कोणी बारामतीच्या एमआयडीसीत माल टाकतो. गाडी बहुतेक वेळा जुनी असते आणि पुष्कळदा मालक दुसराच असतो. इंजिनाचा दणदणाट, दारांचा खडखडाट, फुटक्या सायलेन्सरची घरघर, हे सगळे आपण "जुनी गाडी आहे, आवाज करणारच" असे म्हणून सोडून देतो.

दहा-पंधरा वर्षांनी तोच माणूस घरी टीव्ही मोठा लावतो. लहान मुलांचे बोलणे त्याला नीट कळत नाही. विहारात मागे बसला तर वक्ता काय बोलला ते शेजाऱ्याला विचारतो. घरचे म्हणतात, "वय झालं आता." पण पंचेचाळीस-पन्नास हे काही कान जायचे वय नव्हे. म्हणून या वेळी आम्ही गाडीच्या आवाजाविषयी आणि तो कमी खर्चात कसा घटवता येईल याविषयी लिहीत आहोत.

कान कसा जातो?

आपल्या कानाच्या आतल्या भागात गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव असतो. त्यात केसासारख्या अतिशय नाजूक पेशी असतात. त्या आवाज टिपून मेंदूकडे पाठवतात. मोठा आवाज रोज तासन् तास आदळत राहिला की या पेशी थकतात आणि शेवटी मरतात. माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. गोळी, तेल किंवा ऑपरेशन करून त्या परत आणता येत नाहीत.

यात दुखत काहीच नाही, म्हणून कळतही नाही. आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, ट ही अक्षरे निसटू लागतात. "आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत," अशी तक्रार सुरू होते. रात्री शांततेत कानात शिट्टी किंवा किरकिर ऐकू येते. फेरीवरून उतरल्यावर कान गच्च वाटणे ही तर पहिली सूचना समजावी.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत, ही कामाच्या ठिकाणची सावधगिरीची मर्यादा तज्ज्ञ सांगतात. पुढचा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. दर ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि कानाला चालणारा वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास आणि ९४ ला फक्त १ तास.

हाच हिशेब उलटाही चालतो. ३ डेसिबल कमी केले तरी कानावरचा भार निम्मा होतो. म्हणून जुनी पिकअप नव्या मोटारीसारखी शांत झाली नाही तरी चालेल. थोडा आवाज कमी झाला तरी कानाला मोठा फायदा आहे.

तुमच्या गाडीत आवाज किती, हे ताडायची सोपी खूण म्हणजे शेजारच्या सीटवरच्या क्लीनरशी बोलणे. हातभर अंतरावर बसलेल्या माणसाशीही ओरडून बोलावे लागत असेल, तर आवाज ८५ च्या आसपास किंवा वर आहे असे धरा. मोबाईलवरचे आवाज मोजायचे अॅप अगदी अचूक नसते, पण दुरुस्तीच्या आधी आणि नंतर त्याच फोनवर, त्याच रस्त्यावर, त्याच वेगात मोजले तर फरक कळतो.

आधी आवाजाचे मूळ शोधा

बरेच जण आधी दुकानातून महागडी शीट आणून चिकटवतात. हे उलटे काम झाले. गळके छप्पर तसेच ठेवून खाली घमेली मांडण्यासारखे ते आहे. क्रम असा ठेवावा: आधी मूळ, मग भोके, मग पत्रा.

गाडी उभी करून, न्यूट्रलवर इंजिनाचा रेस वाढवा. आवाज तेव्हाच मोठा येत असेल तर दोष इंजिन किंवा सायलेन्सरकडे आहे. गाडी वेगात असतानाच आवाज वाढत असेल तर टायर, बेअरिंग, प्रोपेलर शाफ्ट, दारे यांच्याकडे बघावे.

सायलेन्सर फुटला असेल, त्याच्या जोडातले पॅकिंग गेले असेल तर ते काम सर्वांत आधी करा. इंजिन ज्या रबरांवर बसलेले असते त्यांना मिस्त्री "फाउंडेशन" म्हणतात. ती रबरे चेपली किंवा तुटली की इंजिनाचा सगळा हादरा थेट चेसिसला आणि केबिनला जातो. ती बदलून घ्या. मालकाला हा खर्च पटवताना सांगा की ढिल्या फाउंडेशनमुळे पुढे पाईप आणि वायरीही तुटतात. दारांचे बिजागर, बंपर, हौद्याच्या साखळ्या, फाळक्याच्या खिट्ट्या यांचे नटबोल्ट आवळा. जिथे लोखंडावर लोखंड आपटते तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा घाला.

उन्हाळ्यात आपल्याकडे काच बंद करून जुनी गाडी चालवणे शक्य नाही आणि तसे करूही नये. काच उघडी असताना आतल्या शीटचा उपयोग कमी होतो. मूळचा आवाज कमी केला असेल तर मात्र काच उघडी असली तरी फायदा मिळतो. हे काम आधी करायचे, ते याचसाठी.

मग भोके बुजवा

पाणी शिरते त्या फटीतून आवाजही शिरतो. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीला वायरी, केबल आणि पेडल यांच्यासाठी भोके असतात. त्यांतली रबरे जुन्या गाडीत निघून गेलेली असतात. रात्री, इंजिन बंद आणि थंड असताना, एकाने बॉनेट उघडून बॅटरीचा उजेड टाकावा आणि दुसऱ्याने आत बसून बघावे. जिथून उजेड दिसेल तिथून आवाज येतो. तिथे योग्य मापाचे रबर बसवा. गिअरच्या दांड्याचे फाटलेले रबरही बदला. छोटा हत्ती म्हणतो त्या गाडीत इंजिन सीटखालीच असते, म्हणून सीटखालच्या झाकणाची कड आणि खिट्टी घट्ट बसते का ते नक्की पाहा.

दारासाठी कागदाची परीक्षा करा. कागदाची पट्टी चौकटीत धरून दार लावा आणि पट्टी ओढा. ती सहज निघाली तर तिथली रबर बीडिंग मेली आहे.

या भोकांतून फक्त आवाज येत नाही, धूरही येतो. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले आहे. म्हणजे एका खर्चात कान आणि फुप्फुसे दोन्ही सांभाळली जातात. मात्र सायलेन्सर गळका ठेवून केबिन बंदिस्त करू नका. धूर आत कोंडला तर जिवावर बेतू शकते.

शेवटी पत्रा

आता पत्र्यावर बोटाने टिचकी मारा. "ठण्ण" वाजला तर तो ढोलासारखा थरथरतो आहे. अॅक्सेसरीच्या दुकानात चांदीचा कागद लावलेली काळी चिकट डॅम्पिंग शीट मिळते. ती सगळीकडे लावायची गरज नसते. सपाट, थरथरणाऱ्या भागाचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग झाकला तरी टिचकी "ठप्प" अशी वाजू लागते. आधी गंज खरवडून प्रायमर मारा, पत्रा धुऊन पूर्ण कोरडा करा आणि उन्हात तापू द्या. मग शीट दाबून बसवा. पहिला मान तळाला आणि इंजिनाकडच्या भिंतीला, नंतर दारांना, शेवटी छताला. तळावर जाड, जड रबर मॅट आणि तिच्याखाली पाणी न शोषणारा फोम घाला. छताला असा फोम लावला तर उन्हाची धगही कमी होते.

काही गोष्टी टाळाव्यात. थर्मोकोल आणि अंड्यांचे ट्रे यांनी इंजिनाचा आवाज अडत नाही आणि ते पटकन पेटतात. गोणपाट, जुनी गादी पाणी धरून ठेवतात आणि पत्रा गंजतो. घराच्या छतावर लावायची डांबरी शीट उन्हात वितळते, वासही मारते. सायलेन्सरजवळ काहीही चिकटवू नये. दाराच्या तळाशी पाणी जायची भोके असतात, ती बुजवू नयेत. मॅट पेडलखाली अडकणार नाही याची खात्री करा. वायरीजवळ काम करताना बॅटरीचे कनेक्शन काढून ठेवा.

इंजिनाचा आवाज दाबण्यासाठी टेप मोठा लावणे म्हणजे कानावर दुहेरी ओझे. दोन्ही कानांत इअरफोन घालून गाडी चालवणे तर धोक्याचेच, मागचा हॉर्न ऐकू येत नाही.

तपासणीला घाबरू नका

आपले पुष्कळ ड्रायव्हर बंधू कान तपासायला जात नाहीत, कारण लायसन जाईल अशी भीती असते. व्यवसायाच्या लायसनसाठी लागणाऱ्या डॉक्टरी दाखल्यात, म्हणजे फॉर्म १-अ मध्ये, ऐकण्याविषयी प्रश्न असतो हे खरे आहे. पण हॉर्नसारखे नेहमीचे इशारे ऐकू येऊ नयेत इतका बहिरेपणा आहे का, हे त्यात बघतात. सुरुवातीचे थोडे नुकसान म्हणजे ते नव्हे. उलट वेळेत कळले तर उरलेला कान वाचवता येतो. न तपासता आणखी दहा वर्षे काढली तर मात्र ती भीती खरी ठरू शकते.

या तपासणीला ऑडिओमेट्री म्हणतात. सुई नाही, वेदना नाही. कानाला हेडफोन लावून बारीक आवाज ऐकवतात. बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात चौकशी करा. आदल्या रात्री फेरी करू नका, कान शांत असेल तर तपासणी खरी येते. कधी कधी कमी ऐकू येण्याचे कारण नुसता मळ असतो आणि डॉक्टर तो काढून देतात. काडी, पिन किंवा गरम तेल घालून घरी प्रयोग करू नयेत.

ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात येते ती घरातल्या माणसांच्या. टीव्हीचा आवाज वाढला, "काय म्हणालीस?" हा प्रश्न वाढला, तर चिडू नका, चेष्टा करू नका. सोबत दवाखान्यात जा. आणि येत्या सुट्टीच्या दिवशी एक कागदाची पट्टी व एक बॅटरी घेऊन गाडीजवळ उभे राहा. सुरुवातीला एवढेच पुरे आहे, आणि त्याला खर्च काही नाही.