पहिला गज निवडताना

फळ्यावर खडू उभा धरून रेघ ओढली, की कधी कधी अंगावर काटा आणणारा ‘किर्र’ असा आवाज निघतो. ती रेघ जवळून पाहा. ती अखंड नसते, ठिपक्याठिपक्यांची असते. खडू फळ्याला क्षणभर चिकटतो, सुटून पुढे उडी मारतो आणि पुन्हा चिकटतो. सेकंदाला शेकडो वेळा चाललेला हा चिकटण्या-सुटण्याचा खेळ आपल्याला आवाज म्हणून ऐकू येतो. विद्यार्थी मित्रहो, व्हायोलिन, सारंगी आणि डबल बेस यांचा गोड सूरही याच खेळातून जन्मतो! मात्र तेथे त्या खेळाला शिस्त लावलेली असते. ती शिस्त लावणारे साधन म्हणजे गज.

डबल बेस हे व्हायोलिनच्या गोतावळ्यातील सर्वांत मोठे वाद्य. ते माणसाहूनही उंच असते आणि उभे राहून किंवा उंच स्टुलावर बसून वाजवतात. मुंबईला ते नवे नाही. मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यांचे चिरंजीव झुबिन मेहता १९५४ साली व्हिएन्नाला वाद्यवृंद-संचालन शिकायला गेले, तेव्हा तेथे ते डबल बेसही वाजवत. २००६ साली नरीमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला.

उरण तालुक्यातील द्रोणागिरीहून आमच्या महाविद्यालयात येणाऱ्या एका विद्यार्थ्याला या वाद्याने वेड लावले. वाद्य शिकवणीच्या ठिकाणी मिळते, गज मात्र स्वतःचा हवा. त्याने विचारले, “सर, घरून पैसे एकदाच मिळणार. लाकडाचा घेऊ की कार्बन फायबरचा? महाग घेतला तर सूर चांगला लागेल ना?” प्रश्न साधा नाही. वाकडा किंवा न पेलणारा गज हाती आला, तर दोष गजाचा असतो. पण शिकणाऱ्याला वाटते, आपल्याच हातात सूर नाही, आणि तो वाद्य सोडून देतो. म्हणून गज काय काम करतो, ते आधी पाहू.

गजाचे काम

गजाला घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बसवलेले असतात आणि त्यांवर राळ घासलेली असते. स्थितिक घर्षण गतिक घर्षणापेक्षा जास्त असते, हे तुम्ही शिकला आहात. राळेमुळे केस तारेला धरून ओढतात. ताण वाढला की तार सुटते, सर्रकन मागे जाते आणि पुन्हा पकडली जाते. डबल बेसच्या सर्वांत खर्जाच्या तारेवर हे सेकंदाला सुमारे ४१ वेळा घडते.

हे वेळापत्रक कोण ठरवतो? वादकाचा हात नव्हे! जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६० च्या दशकात दाखवून दिले, की गजाखालची तार दोन सरळ तुकड्यांत मोडल्यासारखी असते आणि त्यांच्यामधला कोपरा तारेवरून सतत ये-जा करतो. तो गजापाशी आला की तार सुटते, घोडीवर आपटून परत आला की पकडली जाते. तारेचा कंप पावणारा भाग १०५ सें.मी. धरा. जाऊन-येऊन २१० सें.मी. झाले, आणि अशा सेकंदाला ४१ फेऱ्या. म्हणजे कोपऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे ८६ मीटर, ताशी ३०० कि.मी.हून जास्त!

गजाने फक्त तारेवर योग्य तेवढा दाब ठेवायचा. दाब कमी पडला तर कोपरा यायच्या आधीच तार निसटते आणि सूर पोकळ, शिट्टीसारखा होतो. दाब फार झाला तर कोपरा येऊनही तार सुटत नाही आणि नुसती खरखर उरते. आपले चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्यात या विषयाचा खोल अभ्यास केला. त्यांचा मोठा प्रबंध १९१८ साली प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी यंत्राने वाजणारे व्हायोलिन तयार करून लागणारा किमान दाब मोजला. गज वेगाने ओढला किंवा घोडीजवळ नेला, तर दाब जास्त लागतो. जाड, जड तारांनाही तो जास्त लागतो. म्हणून व्हायोलिनचा गज सुमारे ६० ग्रॅमचा, तर डबल बेसचा लांबीने थोडा कमी असूनही साधारण १३० ते १५० ग्रॅमचा असतो.

आता कसोट्या

पहिली कसोटी हाताच्या पकडीची. डबल बेसचे गज दोन जातींचे. फ्रेंच गज वरून, तळवा खाली करून धरतात. जर्मन गज खालून, आपले सारंगीवादक धरतात त्याच्याशी मिळत्याजुळत्या रीतीने. जर्मन गजाचा मुठीकडचा ठोकळा उंच असतो, त्यामुळे एका पकडीचा गज दुसरीला चालत नाही. दोन्ही पकडींत उत्तम वादक झाले आहेत. तेव्हा आपले शिक्षक कोणती पकड शिकवतात, हे आधी विचारा.

दुसरी कसोटी सरळपणाची. मुठीकडून एक डोळा मिटून काठीच्या रेषेत टोकाकडे पाहा. काठी डावी-उजवीकडे वळलेली नको. स्क्रू फिरवून केस ताणल्यावरही काठीचा केसांकडचा बाक थोडा शिल्लक राहिला पाहिजे. ती सरळ काठीसारखी होत असेल, तर तिच्यात दम उरलेला नाही.

तिसरी कसोटी तोलाची. गज बोटावर आडवा तोलून गुरुत्वमध्य शोधा. समजा, दोन गज प्रत्येकी १४० ग्रॅमचे आहेत. एकाचा गुरुत्वमध्य मुठीपासून २२ सें.मी.वर, दुसऱ्याचा २६ सें.मी.वर. वजन सारखेच, पण मुठीभोवतीचे परिबल दुसऱ्यात सुमारे १८ टक्के जास्त. तासाभराच्या सरावानंतर मनगट हा हिशेब बरोबर सांगते! म्हणून नुसते वजन विचारू नका, गज हातात धरून पाहा.

चौथी कसोटी हवेची, आणि द्रोणागिरीसारख्या समुद्रकाठच्या गावी ती फार महत्त्वाची. पावसाळ्यात तेथील सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. केस दमट हवेत लांबतात. या गुणावरच सोस्यूर यांनी १७८३ साली केसाचा आर्द्रतामापक बनवला. कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत नेलेला माणसाचा केस सुमारे दोन टक्के लांबतो. घोड्याचा केसही तसाच वागतो. गजाच्या ५५ सें.मी. केसांना दोन टक्के म्हणजे एक सें.मी.हून जास्त. प्रत्यक्षात फरक याहून कमी पडतो, तरी घरी ताणलेला गज तसाच पेटीत ठेवून वातानुकूलित सभागृहात नेला, तर केस आखडतात आणि काठीवर ताण येतो. म्हणून वाजवून झाले की केस सैल करायचेच. हलके लाकूड अशा हवेत पीळ खाते. कार्बन फायबरची किंवा काचतंतूंची काठी ओल शोषत नाही, ती सरळ राहते.

मग उत्तम लाकडाचे काय? फ्रान्स्वा तूर्त या पॅरिसच्या कारागिराने अठराव्या शतकाच्या अखेरीस आधुनिक गजाचा घाट ठरवला, तेव्हापासून ब्राझीलच्या किनारी जंगलातील पर्नांबुको हे लाकूड नावाजले गेले. आपल्याकडील पतंगाप्रमाणे तेही तांबडा रंग देते. पण बेसुमार तोडीने हा वृक्ष धोक्यात आला आणि २००७ पासून त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. शिकाऊ हाताला त्याची गरज नाही.

एक सूचना राहिली. नव्या गजाला राळ लावलेली नसेल, तर तो तारेवरून जवळजवळ मुकाट घसरतो. गज खराब आहे असे समजू नका, राळ लावा. डबल बेसची राळ व्हायोलिनच्या राळेपेक्षा मऊ असते. मे महिन्यात ती उन्हात ठेवू नका.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला मी सांगितले: शिक्षकांच्या पकडीचा, सरळ, मनगटाला पेलणारा, कार्बन फायबरचा किंवा काचतंतूंचा साधा गज घे. उरलेले पैसे राळ आणि पुढे केस बदलण्यासाठी ठेव. सूर किमतीतून येत नाही, दाब, वेग आणि जागा यांच्या मेळातून येतो, आणि तो मेळ सरावाने जमतो.

करून पाहा: साबणाच्या पाण्याने धुतलेला एक लांब केस खिळ्याला बांधून भिंतीलगत टांगा. खाली एक हलके बटण बांधा आणि त्याच्या मागे कागदावर मिलिमीटरच्या खुणा करा. पाऊस असलेल्या आणि कोरड्या दिवसांची नोंद ठेवा. तुमच्या गावची हवा गजाचे काय करील, हे तो एक केस तुम्हाला सांगेल.