सीपॅपचा मास्क धुतल्यावर हवा का गळते?

रविवारी दुपारी मास्क स्वच्छ धुऊन वाळत घातला, रात्री तोंडावर चढवला आणि मशीन सुरू करताच गालाजवळून फुस्स असा आवाज येऊ लागला. सीपॅप मशीन वापरणाऱ्या घरांत ही तक्रार एकदा तरी ऐकू येतेच. काल रात्रीपर्यंत हाच मास्क नीट बसत होता. मग नुसत्या धुण्याने काय बिघडले? घरातले कोणी म्हणते मास्क फाटला, कोणी म्हणते मशीनच गेले. दुकानात जावे तर नवा मास्क पुढे येतो. त्याची हजारांतली किंमत ऐकून माणूस मुकाट्याने घरी परततो आणि मशीन गुंडाळून पलंगाखाली सारतो. सर्वांत वाईट गोष्ट होते ती इथेच.

कारण हा विकार साध्या घोरण्याचा नाही. झोपेत घसा आतून मिटतो, श्वास दहा-दहा सेकंद आणि त्याहूनही अधिक काळ थांबतो, मेंदू दचकून जागा होतो, पुन्हा झोप, पुन्हा तेच. तासाला ३० पेक्षा जास्त वेळा असे झाले तर डॉक्टर त्याला तीव्र म्हणतात. असा माणूस रात्रभर अंथरुणात असूनही झोपलेला नसतो. मग दिवसा त्याला स्टेअरिंगवर, मशीनसमोर, शिडीवर डुलकी लागते. रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. ज्याच्या घरात गाडी चालवणारा किंवा रात्रपाळी करणारा माणूस आहे, त्याला हे अधिक सांगायला नको. बायकांच्या घोरण्याकडे तर घरात कोणी गंभीरपणे पाहत नाही, त्यांचे दुखणे थकवा म्हणून खपून जाते.

ऑस्ट्रेलियात सिडनीला डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली पाच रोग्यांवर हा उपाय प्रथम करून दाखवला. नाकातून हवेचा हलका दाब सतत देत राहायचे, म्हणजे घसा मिटत नाही. त्या सुरुवातीच्या काळात मास्क दर रात्री चिकट सिलिकॉनने नाकावर अक्षरशः चिकटवावा लागे. म्हणजे हवा गळण्याची डोकेदुखी या मशीनइतकीच जुनी आहे! आजचा मऊ कुशनचा मास्क त्याच डोकेदुखीवरचा उतारा होय.

हा दाब किती असतो? पेल्यात दहा सेंटिमीटर उंच पाणी भरले तर त्याच्या तळाला जेवढा दाब बसेल तेवढा, म्हणजे १० चा. मशीनवर साधारण ४ ते २० पर्यंत दाब लावता येतो आणि तो डॉक्टर ठरवतात. थोडी गळती मशीन आपणच भरून काढते, पण तिची मर्यादा ओलांडली की घशापर्यंत दाब पोहोचत नाही. मशीन चालू असते आणि माणूस मात्र पूर्वीसारखाच घोरत असतो.

ही भोके बुजवू नका

गळती शोधण्यापूर्वी एक गोष्ट घरातल्या सर्वांनी समजून घ्यावी. मास्कच्या पुढच्या भागावर किंवा नळीच्या वाकड्या जोडावर बारीक भोके किंवा जाळी असते. तेथून हवा सतत बाहेर पडते, मिनिटाला साधारण २० ते ४० लिटर. ती गळती नव्हे. आपण सोडलेला श्वास त्याच वाटेने निघून जातो. ती भोके चिकटपट्टीने बंद केली तर सोडलेलाच श्वास पुन्हा आत ओढला जातो आणि जिवावर बेतू शकते. धुतल्यावर त्या जाळीत पाण्याचा थेंब अडकला तर शिट्टीसारखा आवाज येतो. फडक्यावर आपटून थेंब झटकावा, वाळू द्यावे, आवाज थांबतो.

आता खरी गळती. बहुतेक वेळा मास्क खराब झालेला नसतो, तो पुन्हा जोडताना काहीतरी इकडचे तिकडे झालेले असते. सर्वांत जास्त दोषी ठरते ते सिलिकॉनचे कुशन. त्याच्या कडेला खाच असते आणि ती फ्रेममध्ये सगळीकडून बसावी लागते. वरवर पाहता बसल्यासारखे दिसते, पण एखाद्या कोपऱ्यात कड बाहेर राहते. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. अंगठा कडेवरून पूर्ण एक फेरा फिरवा. डबा बंद करताना झाकण चारी बाजूंनी दाबतो तसे दाबत जा, टक् असा आवाज येईपर्यंत. काही कुशनांना दोन पदर असतात. धुताना आतला पातळ पदर दुमडला आणि तसाच वाळला तर तो गालाला चिकटत नाही. कुशन उलटे बसवण्याचाही प्रकार होतो. नाकाकडची अरुंद बाजू वर हवी.

नाक व तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कच्या जोडावर एक पातळ झडप असते. वीज गेली आणि मशीन थांबले तर बाहेरची हवा आत यावी, यासाठी ती असते. धुतल्यावर ती मुडपून अडकली की मशीन चालू असतानाही तेथून हवा सुटते. हळूच बोटाने हलवून पाहावी, ती मोकळी उघडली व मिटली पाहिजे. तुटली असेल तर तो जोडच बदलावा, कारण झडप काढून टाकून मास्क वापरणे धोक्याचे आहे.

पट्टे आवळू नका

हवा सुटली की प्रत्येक जण पहिले काम करतो ते पट्टे आवळण्याचे. इथेच गाडी चुकते. कुशनचा पातळ पदर हवेने फुगतो आणि चेहऱ्याला बिलगतो, मास्क टिकतो तो त्या फुगण्यामुळे. आवळून तो पदर चेपला की नवी फट पडते, ती आवळायला आणखी एक ओढ, आणि सकाळी नाकाच्या हाडावर लाल वळ. हवा डोळ्यांकडे जाऊन डोळेही चुरचुरतात. धुतल्यावर पट्ट्यांचा ताणही बदलतो. ओला पट्टा ढिला पडतो, तर नीट वाळलेल्या पट्ट्याचे लवचीकपण परत येते, आणि जुन्याच खुणेवर लावला तर तो घट्ट बसतो. ज्या भगिनी अंबाडा घालतात त्यांचा मागचा पट्टा अंबाड्याच्या जागेप्रमाणे वरखाली सरकतो, हेही ध्यानात असू द्या.

म्हणून असे करा. सगळे पट्टे सैल सोडा. रोज ज्या कुशीवर झोपता त्याच कुशीवर, त्याच उशीवर पडा. बसून मास्क लावला तर आडवे होताच गालाचे मांस सरकते आणि मघाचा मेळ जातो. मशीन सुरू करा. अनेक मशीन आधी कमी दाब देतात व नंतर हळूहळू वाढवतात, तेव्हा तपासणी पूर्ण दाबावर झाली पाहिजे, नाहीतर गळती मध्यरात्री उगवते. मास्क चेहऱ्यापासून जरासा उचला, कुशन फुगू द्या, पुन्हा अलगद टेकवा. मग खालचे दोन पट्टे सारखेच ओढा, नंतर वरचे दोन. पट्ट्याखाली दोन बोटे सहज गेली पाहिजेत. पुढच्या वेळेसाठी वेल्क्रो उघडण्यापूर्वी त्या जागी रंगीत दोऱ्याचा एक टाका घालून ठेवा. ज्या मास्कला क्लिप आहेत त्यांचे वेल्क्रो उघडण्याची गरजच नसते.

गळती मास्कमध्ये आहे की मागे, हे ओळखणे सोपे आहे. नळी मास्कपासून सोडवा, मशीन सुरू करा आणि नळीचे तोंड तळहाताने क्षणभर बंद करा. कुठे हवेचा आवाज आला तर दोष नळीत किंवा पाण्याच्या डब्यात. डबा धुतल्यावर त्याची रबरी कड सिंकमध्येच राहून जाते, असे पुष्कळदा घडते. साधी नळी असेल तर ती मशीनपासून काढून एक तोंड बंद करावे, दुसऱ्याने फुंकावे आणि बादलीत बुडवावी. सायकलचे पंक्चर काढताना बुडबुडे शोधतो तसेच. तापणाऱ्या नळीत तारा असतात, तिला ही बादली लावू नये.

चेहऱ्याचाही विचार करावा. तेल, क्रीम, पावडर लावलेल्या गालावर सिलिकॉन घसरते, म्हणून झोपण्यापूर्वी तोंड धुऊन पुसावे. व्हॅसलिनने सिलिकॉन खराब होते. दाढीची खुंटे, नाकातली चमकी, काढून ठेवलेली कवळी यांनीही फट पडते. आणि नाकाचाच मास्क असताना सकाळी तोंड कोरडे पडत असेल तर हवा तोंडातून सुटते आहे. त्याला कुशन जबाबदार नाही. ते डॉक्टरांना सांगावे.

धुण्याची रीत फारशी अवघड नाही. कुशन रोज, फ्रेम, पट्टे व नळी आठवड्याला, कोमट पाणी आणि वास नसलेला सौम्य साबण. साबण पूर्ण निघेपर्यंत खंगाळावे, बुळबुळीतपणा राहिला की मास्क सरकतो. उकळते पाणी, ब्लीच, स्पिरिट, कडक ऊन, इस्त्री यांपैकी काहीही नको, त्याने सिलिकॉन कडक होते व पट्ट्यांचा ताण जातो. सावलीत वाळवावे. काही कुशन फोमचे असतात, ते पाण्यात बुडवायचे नसतात, नुसते पुसायचे. रात्री उशिरा धुऊन ओलाच मास्क लावण्यापेक्षा सकाळी उठल्यावर धुवावा.

एवढे करूनही हवा गळत असेल तर कुशन उजेडासमोर धरून हलके ताणा. चीर दिसली, सिलिकॉन पिवळे, कडक किंवा लिबलिबीत झाले असेल, तर त्याचे आयुष्य संपले. तरीही पूर्ण मास्क घेण्याची घाई नको. अनेक मास्कचे कुशन सुटे मिळते आणि ते बरेच स्वस्त पडते. दुकानात जाताना जुना मास्क पिशवीत बरोबर न्यावा आणि त्यावर छापलेले नाव व माप दुकानदाराला दाखवूनच कुशन घ्यावे.