राखीव आघाडीवीर

फुटबॉल सामन्यासाठी निवडलेल्या संघाची यादी फलकावर लागली की पालकांचा आम्हांस एक नेहमीचा प्रश्न असतो : "आमचा मुलगा पहिल्या अकरांत का नाही?" मुलगा आघाडीवर खेळणारा असेल, तर प्रश्नातील व्यथा अधिक गहिरी असते. बचावफळीत चार जागा, मध्यफळीत तीन-चार. परंतु मुख्य गोल करणाऱ्याची जागा बहुधा एकच. राखीव आघाडीवीर म्हणजे मुख्य खेळाडूची दुय्यम प्रत, असा समज या प्रश्नामागे असतो. खेळाच्या डावपेचांशी तो जुळत नाही.

साठ-सत्तर मिनिटांच्या खेळात प्रतिपक्षाचे बचावपटू समोरच्या आघाडीवीरास पुरते ओळखू लागतात. तो चेंडू पायाशी मागतो की मोकळ्या जागेत धाव घेतो, कोणत्या बाजूस वळतो, हे सारे त्यांच्या अंगवळणी पडते. त्याच सुमारास त्यांचे पाय जड होत असतात. अशा वेळी वेगळ्या सवयीचा, ताज्या दमाचा खेळाडू आत आला की त्यांना सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो. म्हणून राखीव आघाडीवीर मुख्य खेळाडूसारखा असण्यापेक्षा त्याहून वेगळा असणेच अधिक लाभदायक. मुख्य खेळाडू उंच, चेंडू अडवून धरणारा असेल, तर राखीव चपळ हवा. संघ पुढे असेल, तर प्रतिपक्षाच्या बचावपटूंना सतत सतावून चेंडू त्यांच्याच अर्ध्या भागात अडकवून ठेवणे हेही त्याचेच काम. मात्र गुणफलकावर त्याची नोंद होत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मँचेस्टर युनायटेडच्या १९९८-९९ च्या हंगामाचे. प्रशिक्षक अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांच्यापाशी चार आघाडीवीर होते. ड्वाइट यॉर्क व अँडी कोल ही पहिली जोडी. टेडी शेरिंगहॅम व नॉर्वेचा ओले गुन्नार सोल्शार पुष्कळदा बाकावर. ६ फेब्रुवारी १९९९ रोजी नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध सोल्शार ७२व्या मिनिटास मैदानात उतरला आणि उरलेल्या वेळात त्याने चार गोल केले. सामना ८-१ असा संपला. २२ मे रोजी एफए चषकाच्या अंतिम सामन्यात कर्णधार रॉय कीन जखमी होताच शेरिंगहॅम आला आणि दोनच मिनिटांत त्याने गोल केला.

चार दिवसांनी बार्सिलोनात चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना झाला. बायर्न म्युनिकने सहाव्या मिनिटासच गोल केला होता. पुढे त्यांचा एक फटका खांबावर, तर एक आडव्या दांड्यावर आदळला. आमच्या मते त्या दिवशी बायर्नच सरस खेळले. फर्ग्युसन यांनी ६७व्या मिनिटास शेरिंगहॅमला व ८१व्या मिनिटास सोल्शारला आत धाडले. भरपाई वेळेत कॉर्नरनंतरच्या गोंधळात शेरिंगहॅमने बरोबरी साधली. पुढच्या कॉर्नरवर त्यानेच डोक्याने वळवलेला चेंडू सोल्शारने पाय लावून जाळ्यात धाडला. बाकावर बसल्या बसल्या प्रतिपक्षाच्या बचावपटूंचे बारकाईने निरीक्षण करण्याची सोल्शारची सवय प्रसिद्ध आहे. त्याचे बसणे हाही खेळाचाच भाग होता.

वयाचाही येथे अडसर नसतो. १९९० च्या विश्वचषकात कॅमेरूनचा ३८ वर्षांचा रॉजर मिला बदली खेळाडू म्हणूनच येत असे. रुमानियाविरुद्ध दोन आणि कोलंबियाविरुद्ध दोन गोल करून त्याने आपल्या संघास उपांत्यपूर्व फेरीत नेले. संपूर्ण सामना धावणे त्या वयात कठीण. अर्धा तास मात्र त्याचा होता.

या भूमिकेची अडचणही सांगितली पाहिजे. आघाडीवीरास लय लागते, आणि ती सलग खेळण्याने येते. थंड अंगाने मैदानात उतरलेल्या खेळाडूचा पहिला स्पर्श हमखास चुकतो, स्नायू दुखावण्याचा धोकाही असतो. म्हणून मध्यंतरापासूनच रेषेबाहेर त्याचे अंग मोकळे करून घ्यावे, आणि आत गेल्यावर नेमके काय करायचे हे त्यास आधीच सांगावे. सरावात पहिल्या संघाबरोबर वेळ न देता ऐन वेळी चमत्काराची अपेक्षा करणारे प्रशिक्षकही असतात. तो दोष खेळाडूच्या माथी मारणे न्याय्य नव्हे.

आता तर नियमांनीही या जागेचे महत्त्व वाढविले आहे. विश्वचषकात बदली खेळाडूस प्रथम मुभा मिळाली ती १९७० मध्ये, आणि तीही दोघांपुरती. २०२० मध्ये महामारीच्या काळात तात्पुरती दिलेली पाच बदलांची सवलत २०२२ मध्ये नियमावलीत कायम झाली. म्हणजे मैदानावरील दहा खेळाडूंपैकी, गोलरक्षक वगळता, निम्मे खेळाडू सामना संपेपर्यंत बदललेले असू शकतात.