फ्यूज जळतो तो का?
घरगाडीतील विजेच्या दोषाचा शोध

एखाद्या गाडीस आग लागली की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक वाक्य ठरलेले असते: ‘आग शॉर्टसर्किटमुळे लागली असावी.’ वाचणारा मान डोलावतो व पान उलटतो. जणू त्या एका शब्दाने सर्व उलगडा झाला! परंतु शॉर्टसर्किट हे घडलेल्या गोष्टीचे नाव आहे, तिच्या कारणाचे नव्हे. तार कोठे उघडी पडली, कशाने उघडी पडली, आणि ती पेटेपर्यंत फ्यूज गप्प का राहिला, हे तीन प्रश्न त्यापुढेच उभे राहतात. त्यांची उत्तरे कशी शोधावीत, याचा विचार आज करावयाचा आहे.

हा विचार हैदराबादच्या अफझलगंजात उभे राहून करणे सोयीचे आहे. पाचवे निजाम अफझलउद्दौला यांच्या नावाची ही मुसी नदीकाठची जुनी पेठ. १९३२ साली निजामाच्या रेल्वेखात्याने २७ बसगाड्यांनिशी प्रवासी वाहतूक सुरू केली. पुढे जवळच्या गौलीगुड्यात विमाने ठेवण्यासाठी बांधलेल्या एका प्रचंड लोखंडी छपराखाली बसस्थानक आले. ते छप्पर ५ जुलै २०१८ रोजी कोसळले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे नांदेड, लातूर, उमरगा या भागांतील माणसांच्या पायाखालची ही वाट आहे. आजही उस्मानिया रुग्णालय, महात्मा गांधी बसस्थानक, खाजगी बसवाल्यांच्या कचेऱ्या आणि मोटारीच्या सुट्या भागांची दुकाने येथे जवळजवळ आहेत.

आता समजा की, नांदेडहून निघालेली एक घरगाडी येथे येऊन थांबली आहे. घरगाडी म्हणजे आत निजण्याची, स्वयंपाकाची व पाण्याची सोय असलेली मोटार. हिला कोणी कॅरॅव्हॅन म्हणतात. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने अशा गाड्यांच्या पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून हा शब्द आपल्याकडे अधिक ऐकू येऊ लागला. या आपल्या गाडीचे इंजिन चालू आहे, पुढचे दिवे लागतात. पण आतले दिवे व पाण्याचा पंप एकाएकी बंद पडला आहे. पेटीतील १५ अँपिअरचा निळा फ्यूज जळालेला दिसतो. नवा घातला, तोही तत्क्षणी जळाला.

शॉर्ट म्हणजे काय?

बॅटरीच्या धन टोकापासून वीज फ्यूजमधून तारेत जाते, तारेतून दिव्यात जाते, आणि तेथून परत बॅटरीच्या ऋण टोकाकडे येते. मोटारीत परतीच्या वाटेसाठी बहुधा वेगळी तार नसते. गाडीचा लोखंडी सांगाडा हीच परतीची वाट. येथेच घर आणि घरगाडी यांत मोठा भेद पडतो. घराची भिंत विटांची असते. घरगाडीत आतल्या फळीमागचा पत्रा हा स्वतःच एक तार आहे! धन तारेवरील आवरण कोठेही झिजून तांबे पत्र्यास टेकले की विजेला दिव्यापर्यंत जाण्याचे कारण उरत नाही. ती जवळच्या वाटेने परतते. हाच शॉर्ट.

यात किती फरक पडतो ते आकड्यांनीच पाहू. बारा व्होल्टच्या बॅटरीवर दहा वॉटचा दिवा एक अँपिअरहूनही कमी वीज घेतो. परंतु वाटेत एकूण अडथळा अवघा ०.०५ ओहम उरला, तर बारा भागिले ०.०५ या हिशेबाने २४० अँपिअरचा लोंढा वाहू लागेल. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. दहा अँपिअरच्या तारेतून २४० अँपिअर गेले, म्हणजे प्रवाह चोवीसपट झाला. पण उष्णता ५७६ पट झाली. साधे प्लॅस्टिकचे आवरण सुमारे सत्तर अंश उष्णतेपर्यंत वापरण्यासाठीच केलेले असते. त्याची व शेजारच्या फळीची काय गत होईल, हे सांगावयास नको.

हे होऊ नये म्हणून फ्यूज. तो त्या वाटेवरील मुद्दाम दुबळा ठेवलेला दुवा आहे. तार तापण्याआधी तो वितळतो व वाट तोडतो. म्हणून जळालेला फ्यूज हा दोष नव्हे, तो दोषाची वर्दी देणारा जासूद आहे.

सर्वांत मोठा मोह

अशा वेळी कोणीतरी हमखास सुचवितो, “तीसचा हिरवा घाला, मग नाही जळणार.” दुसरा सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद गुंडाळून बसवितो, तिसरा तांब्याची तारच लावतो. दिवे लागतात, सर्वांना हायसे वाटते. पण १५ अँपिअरसाठी घातलेल्या तारेतून आता ३० अँपिअरपर्यंत वीज फ्यूजला न जाळता वाहू शकते. प्रवाह दुप्पट, उष्णता चौपट. तांब्याची तार लावली असेल, तर मर्यादाच उरली नाही. फ्यूजऐवजी आता फळीमागची तार जळेल, आणि ती रात्री सर्वजण निजलेले असताना जळेल.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी राजस्थानात जैसलमेरहून जोधपूरला निघालेल्या बसला आग लागली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. ती साधी बस नंतर वातानुकूलित करून घेतलेली होती, आणि पहिला संशय त्या यंत्राच्या विजेवर गेला. त्यानंतर दहाच दिवसांनी, २४ ऑक्टोबर रोजी, हैदराबादहून बंगळूरला जाणारी बस कर्नूलजवळ पेटली व एकोणीस प्रवासी गेले. तिची सुरुवात मात्र बसखाली अडकलेल्या मोटरसायकलपासून झाली. ३० ऑक्टोबर २०१३ रोजी बंगळूरहून हैदराबादला येणारी बस पालेमजवळ पुलाच्या कठड्यास घासली, इंधनाची टाकी पेटली आणि पंचेचाळीस जीव गेले. तीन आगी, परंतु मूळ एक नव्हे. म्हणूनच केवळ ‘शॉर्टसर्किट’ म्हणून मोकळे होणे घातक आहे. मात्र एक गोष्ट तिन्ही ठिकाणी सारखी होती: बंद गाडीत आग पसरली की बाहेर पडण्यास मिनिटेच मिळतात.

शोधाची रीत

प्रथम गाडी सुरक्षित करावी. घरगाडीत विजेची तीन घराणी नांदतात: इंजिनाची बॅटरी, राहत्या भागाची वेगळी बॅटरी, आणि बाहेरून जोडणी घेऊन किंवा इन्व्हर्टरमधून येणारी २३० व्होल्टची वीज. पैकी तिसरीस हौशी माणसाने हात लावू नये. ती जीव घेते. बाहेरची जोडणी काढावी, इन्व्हर्टर बंद करावा, छतावर सौर पत्रे असल्यास तेही तोडावेत. स्वयंपाकाचा गॅस बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, कारण ठिणगी व गॅस यांची भेट होऊ देता कामा नये. हातातील अंगठी व घड्याळ काढून ठेवावे. बॅटरी सोडविताना ऋण टोक आधी काढावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे. म्हणजे पाना चुकून सांगाड्यास लागला तरी शॉर्ट होणार नाही.

दुसरी पायरी विचार करण्याची. फ्यूज केव्हा जळतो? घालताक्षणीच जळत असेल, तर दोष फ्यूज व बटन यांच्यामधल्या तारेत. बटन दाबल्यावरच जळत असेल, तर बटनापलीकडे. गाडी खड्ड्यातून गेल्यावर जळत असेल, तर हलणारी तार कोठेतरी पत्र्यास टेकते. पाऊस पडल्यावर जळत असेल, तर मागचे दिवे व छताच्या फटी पाहाव्यात. चालकाला नीट विचारले तर निम्मे काम येथेच होते. आपल्या गाडीत फ्यूज घालताक्षणीच जळाला, आणि पंपाचे बटन पंपाशेजारीच मागच्या बाजूस आहे. म्हणजे दोष लांबलचक तारेत कोठेतरी आहे.

तिसरी पायरी चाचणीच्या दिव्याची. प्रत्येक वेळी नवा फ्यूज जाळीत बसणे शहाणपणाचे नाही. अनुभवी मोटार-इलेक्ट्रिशियन फ्यूजच्या जागी मागच्या ब्रेकचा २१ वॉटचा दिवा जोडतो. बारा व्होल्टच्या गाडीत तो पावणेदोन अँपिअरहून अधिक वीज जाऊच देत नाही, म्हणून तार तापत नाही. (मोठ्या बसगाड्या चोवीस व्होल्टच्या असतात; तेथे दिवाही चोवीसचा हवा.) आतील सर्व दिवे, पंखे व पंप आधी बंद करून सुटे करावेत. तरीही चाचणीचा दिवा लख्ख पेटला, तर शॉर्ट कायम आहे.

चौथी पायरी निम्मे करण्याची. तारेच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत फळ्या उचकटीत जाऊ नये. मधला जोड सोडावा. दिवा विझला, तर दोष जोडाच्या पलीकडे. पेटताच राहिला, तर अलीकडे. मग उरलेला भाग पुन्हा निम्मा करावा. सोळा तुकडे असतील तर चार चाचण्यांत नेमका तुकडा हाती लागतो. आपल्या गाडीत पहिल्या जोडाला दिवा विझला, म्हणजे दोष मागे. दुसऱ्याला विझला नाही, म्हणजे दोष त्या दोहोंमध्ये, मागच्या चाकाच्या कमानीपाशी. तेथील तारांची जुडी हलविताच दिवा लुकलुकला. कपाट काढून पाहिले, तेव्हा पंपाची तार पत्र्याच्या ज्या भोकातून जात होती, त्याला रबरी कडी नव्हती. गाडीच्या प्रत्येक हिसक्यासरशी पत्र्याची धार आवरण कापीत होती.

कोठे पाहावे, काय करावे?

असे दोष बहुधा ठराविक जागी सापडतात: पत्र्यातील भोके, दाराच्या बिजागऱ्या, कपाट ठोकताना तारेत घुसलेला स्क्रू, धुराच्या नळीजवळून गेलेली तार, उंदरांनी कुरतडलेली जुडी, आणि मागाहून बसविलेल्या वस्तूंचे पीळ देऊन काळी पट्टी गुंडाळलेले जोड. सर्वांत भयंकर म्हणजे बॅटरीवरून फ्यूजशिवाय थेट घेतलेली तार. तिच्या रक्षणास कोणीच नसते. फ्यूज बॅटरीपासून जितका जवळ तितका बरा.

दोष सापडला म्हणजे नुसती पट्टी गुंडाळून कपाट पुन्हा ठोकू नये. कापलेला तुकडा बदलावा, जोड दाबून पक्का करावा, तारेवर नळी चढवावी, भोकाला रबरी कडी बसवावी, तार पट्ट्यांनी आवळावी, आणि फ्यूज पूर्वीच्याच अंकाचा घालावा. मग सर्व वस्तू एकेक चालू करून पाहाव्यात.

आपल्यापैकी घरगाडी बाळगणारे विरळाच. परंतु गावकरी मिळून बस ठरवून वेलंकणीस जातात, मुले रोज शाळेच्या गाडीत बसतात, घरोघरी जीप, टेंपो किंवा ट्रॅक्टर आहे. गाडी ठरविताना भाड्याची घासाघीस करतो, तेवढ्याच आस्थेने हेही विचारावे: नवे दिवे, पंखे, ध्वनिवर्धक कोणी बसविले? त्यांना स्वतंत्र फ्यूज आहे काय? अग्निशामक नळकांडे कोठे आहे? संकटकाळचे दार उघडून दाखवाल काय? प्रामाणिक चालकास या प्रश्नांचा राग येणार नाही.

आणि प्रवासात फ्यूज जळालाच, तर चालकावर ‘लवकर चला, कसेही करून चालू करा’ म्हणून ओरडू नये. चंदेरी कागद बहुधा अशाच घाईतून बसतो. तासभर उशीर झाला तर झाला. त्या तासात मागच्या कपाटाआडची तार सापडेल, आणि रात्री गाडीत निजलेली मुले सकाळी सुखरूप उठतील.