नळाचा धनी कोण?

औशातील वस्तीच्या आयाबहिणींना पाण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. नळ आला नाही की मजुरी बुडवून घागर घेऊन हिंडावे लागते. मग कोणी म्हणतो, “नगरपालिकेला जमत नाही, खाजगी कंपनीला देऊन टाका.”

हा उपाय शेजारच्या लातुरात करून झाला आहे. २००८ साली तेथील पाणीपुरवठा दहा वर्षांच्या कराराने खाजगी कंपनीकडे गेला. मीटर बसवण्याविरुद्ध लोक रस्त्यावर आले. करार मुदतभर टिकला नाही. पुढे २०१६ च्या दुष्काळात लातूरसाठी मिरजेहून पाणी आणले, ते सरकारी रेल्वेने. नफा-तोटा मोजत बसलो असतो, तर ती गाडी सुटलीच नसती.

‘खाजगी’ या शब्दाचा आपल्याला जुना अनुभव आहे. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पैशावर चालणारे पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांनाही खुले केले. १९२७ साली बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा विरोधक कोर्टात गेले आणि म्हणाले, तळे खाजगी आहे! १९३७ साली हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

जे सार्वजनिक, तेथेच आपला हक्क. नोकरीतील आरक्षणही सरकारी सेवेत आहे, खाजगी कंपनीत नाही.

नगरपालिकेच्या कारभारात दोष आहेत, हे खरे. पण नगरसेवकाला आपण जाब विचारू शकतो, मत देऊन घरी बसवू शकतो. कंपनीच्या मालकाला कोण घरी बसवणार? म्हणून म्हणतो, नळ दुरुस्त करा, विकू नका!