घाटातली तांबडी पट्टी

पुण्याच्या आसपासच्या घाटांत रस्त्यासाठी कापलेला कातळ नीट पाहिला, तर काळ्या थरांमध्ये मधूनच विटकरी पट्टी दिसते. भूशास्त्रात तिला ‘रेड बोल’ म्हणतात. एका लाव्हाप्रवाहाचा माथा, कुठे त्यावर पडलेली राखही, ऊनपावसात झिजून माती झाली आणि पुढच्या तप्त प्रवाहाखाली भाजून निघाली. काळा थर उद्रेकाचा, तांबडा उसंतीचा.

कर्नल विल्यम हेन्री साइक्स १८२४ मध्ये मुंबई सरकारचे ‘स्टॅटिस्टिकल रिपोर्टर’ झाले आणि १८३१ पर्यंत त्यांनी दख्खन पालथं घातलं. पक्षी, मासे, कोळसुंदे यांच्या नोंदी केल्याच. शिवाय इथल्या सपाट माथ्यांच्या, पायऱ्यापायऱ्यांच्या डोंगरांवर लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीसाठी निबंधही लिहिला. त्याच १८३१ च्या डिसेंबरात चार्ल्स डार्विन ‘बीगल’ जहाजावरून निघाला. सोबत भूशास्त्रज्ञ लायेलच्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी’चा पहिला खंड होता.

लायेलचं म्हणणं असं : पाऊस, नद्या, भूकंप, ज्वालामुखी या आजही चालू असलेल्या व्यापारांनीच पृथ्वी घडली. फ्रान्सच्या जीवाश्मतज्ज्ञ क्युव्हिएने जीवसृष्टीच्या इतिहासात कल्पिलेले उत्पात लायेलला मान्य नव्हते; त्याला हवा होता अफाट काळ. केप व्हर्दे बेटांवर डार्विनला लाव्हाखाली दबलेला शिंपल्यांचा पांढरा थर दिसला, १८३५ मध्ये चिलीत भूकंपाने किनारा वर उचललेला दिसला, आणि लायेल त्याला पटला. गंमत म्हणजे लायेलने दुसऱ्या खंडात लामार्कची प्रजाती बदलण्याची कल्पना खोडून काढली होती. डार्विनने गुरूकडून काळ घेतला, निष्कर्ष नाही.

इकडे दख्खनच्या उसंतींतही जीव सापडू लागले. मुंबईच्या लाव्हाथरांमधल्या गाळातल्या इवल्या बेडकाचं वर्णन रिचर्ड ओवेनने १८४७ मध्ये केलं. नागपुरात स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने असेच जीवाश्म गोळा केले. थरांच्या मध्ये तळी होती, त्यांत वस्ती होती.

डार्विनला काळाची उधळपट्टी भोवलीही. १८५९ च्या प्रजातींच्या उत्पत्तीवरच्या ग्रंथात इंग्लंडमधल्या वील्ड खोऱ्याच्या झिजेला त्याने तीस कोटी वर्षं दिली. टीका झाल्यावर १८६१ च्या आवृत्तीतून तो हिशेब गाळला. पुढच्याच वर्षी भौतिकशास्त्रज्ञ केल्विनने पृथ्वीचं वयच आखडून टाकलं.

लायेलच्या संथपणाला खरा धक्का मात्र आपल्या कातळाने दिला, असं मला वाटतं. सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर आज उरलेल्या या लाव्हाचा बहुतांश भाग ६.६ कोटी वर्षांपूर्वी, दहा लाख वर्षांहून कमी काळात बाहेर पडला. भूशास्त्राच्या मोजपट्टीवर हे क्षणभराचं काम. डायनोसॉर संपले तेही त्याच सुमारास. १८३० च्या दशकात हद्दपार झालेला क्युव्हिए असा मागच्या दाराने परत आला. अर्थात ईश्वरी प्रलय म्हणून नव्हे, मोजता येणारी घटना म्हणून.

डायनोसॉर संपण्यात दोष दख्खनचा की मेक्सिकोत आदळलेल्या अशनीचा, हा वाद अजून चालू आहे. २०१९ मध्ये दोन अमेरिकी गटांनी सह्याद्रीच्या थरांची कालगणना एकाच वेळी प्रसिद्ध केली. एकाने त्या तांबड्या पट्ट्यांतल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांचं वय मोजलं. त्यानुसार अशनीच्या आधी काही दशसहस्र वर्षं लाव्हाचा मोठा लोंढा आला. दुसऱ्याने कातळातल्याच खनिजांवरून काढलं, की बहुतेक लाव्हा अशनीनंतरचा.